गीताचे मोल कोण ठरविणार?

नाताळच्या दिवसांत आमच्या धर्मग्रामांतून गीतगायनाच्या स्पर्धा होतात. निकाल लागला की काही मुले नाचत घरी जातात, काही हिरमुसून कोपऱ्यात बसतात. या दुसऱ्या मुलांना काय सांगावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्याचा विचार करताना आम्हांला पोर्तुगालच्या एका गीताची आठवण होते.

युरोपातील देश १९५६ पासून ‘युरोव्हिजन’ ही गीतस्पर्धा भरवीत आले आहेत. प्रत्येक देश एक गीत पाठवितो आणि इतर देश त्याला गुण देतात. ६ एप्रिल १९७४ रोजी ही स्पर्धा इंग्लंडमधील ब्रायटन येथे झाली. स्वीडनच्या ‘आबा’ या गायकसंचाने बाजी मारली. पोर्तुगालच्या वतीने पाउलो द कार्वाल्यो यांनी ‘आणि निरोपानंतर’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे विरहगीत गायिले. त्याला अवघे ३ गुण मिळाले. सतरा देशांत ते इतर तिघांसह तळाला राहिले.

त्यानंतर अठराच दिवसांनी, २४ एप्रिलच्या रात्री १०.५५ वाजता, लिस्बनच्या एका नभोवाणी केंद्राने तेच गीत लावले. जवळजवळ अर्धशतकाच्या हुकूमशाहीविरुद्ध उठलेल्या लष्करी अधिकाऱ्यांची ती ठरलेली खूण होती. मध्यरात्रीनंतर कॅथलिक ख्रिस्तसभेच्या ‘रादियो रेनाशेन्सा’ केंद्रावरून दुसरे गीत लागले आणि सैन्य निघाले. २५ एप्रिलला राजवट कोसळली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुले खोवली. गोवा १९६१ साली मुक्त झाल्यावरही या राजवटीने त्यावरील हक्क सोडला नव्हता. नव्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४ रोजी करार करून भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

‘हरलेले गीत अखेर जिंकले’, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. आम्हांला तो रास्त वाटत नाही. प्रेमगीत ऐकून कोणाला संशय येणार नाही, म्हणून ते निवडले गेले. दुसरे एखादे गीतही चालले असते. भोर-वेल्ह्याच्या मुलखात परंपरेने सांगतात की, १६७० मध्ये सिंहगड सर होताच गवत पेटवून राजगडाकडे खूण करण्यात आली. गड काही गवताने घेतला नव्हता. त्यासाठी तान्हाजींनी देह ठेवला. लिस्बनमध्येही गुप्त पोलिसांच्या गोळ्यांनी चौघांचे प्राण घेतले. श्रेय जीव धोक्यात घालणाऱ्यांचे आहे.

मग गीताचे स्वतःचे मोल कोणते? ६ एप्रिलला ते जेवढे चांगले होते, तेवढेच २५ एप्रिललाही होते. सूर तेच, शब्द तेच. तीन गुणांनी त्यातले काही उणे झाले नाही, क्रांतीने काही वाढले नाही. गुण हा एका रात्रीच्या पसंतीचा हिशेब. कीर्ती बहुधा परिस्थितीची देणगी.

म्हणून हिरमुसलेल्या मुलाला ‘एक दिवस जग तुझी दखल घेईल’, असे आश्वासन आपण देऊ नये. ते पाळणे आपल्या हाती नाही. शिवाय त्याने मूल नव्या परीक्षकांची वाट पाहायला शिकते. त्याला एवढेच विचारावे: सूर खरा लागला का? शब्दांचा अर्थ मनात उतरला का? शेजारच्याचा आवाज ऐकून गायिलास का? पहिल्या आलेल्या मुलालाही हेच प्रश्न विचारावेत. रविवारच्या मिस्सात गाणाऱ्याला कोणी गुण देत नाही, तरी तो गातो. स्पर्धेतही मुलांना त्याच मनाने गाता यावे, हीच आमची अपेक्षा.