भरपाई कंपनी देईल, खरे कोण सांगेल?



आपल्या धर्मग्रामात डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, आणि रुग्ण तर आपण सारेच कधी ना कधी होतो. म्हणून हा प्रश्न आपणा सर्वांचा आहे : डॉक्टरांच्या हातून चूक होऊन रुग्णाचे नुकसान झाले, तर ते कोणी भरून द्यायचे?

पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली दिला. जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, ती रुग्णालये त्यातून वगळली. या निर्णयानंतर डॉक्टरमंडळी व्यावसायिक दायित्वाचा विमा, म्हणजे ज्याला ती 'इन्डेम्निटी' म्हणतात तो, अधिक गांभीर्याने घेऊ लागली. डॉक्टर दरवर्षी हप्ता भरतात. कुणी दावा केला तर वकिलाचा खर्च आणि मंजूर झालेली भरपाई ठरलेल्या मर्यादेपर्यंत कंपनी देते. शस्त्रक्रिया, भूल आणि प्रसूती यांत जोखीम मोठी, म्हणून त्या डॉक्टरांचा हप्ताही मोठा.

हा हप्ता शेवटी रुग्णाच्याच बिलात चढतो, अशी तक्रार आपण ऐकतो. ती खोटी नाही. पण गावात एखाद्याचे घर जळाले की घरटी वर्गणी काढतात ना? इथे ती वर्गणी आधीच काढून ठेवलेली असते. शंभर घरांनी थोडे थोडे द्यायचे, म्हणजे ज्या एका घरावर आघात होईल ते उघड्यावर पडत नाही.

रकमा किती मोठ्या असू शकतात याचे एक उदाहरण पाहू. कोलकात्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने व्याज सोडून जवळजवळ 6 कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. रुग्ण दगावली 1998 साली. हा निकाल लागला 2013 साली. एकट्या डॉक्टरला एवढी रक्कम आयुष्यभरात उभी करता येईल का? आणि त्याला ती देता आली नाही, तर न्यायालयाचा निकाल हातात घेऊन त्या कुटुंबाने काय करायचे? आम्हांस वाटते, विमा डॉक्टरच्या बचावासाठी असतो ही समजूत अपुरी आहे. 'माझ्या हातून नुकसान झाले तर मी उत्तर देईन' हे डॉक्टरचे वचन आहे, आणि विमा त्या वचनामागची ऐपत आहे.

ब्रिटनमध्ये 2014 पासून असे संरक्षण असल्याशिवाय डॉक्टरला व्यवसाय करता येत नाही. आपल्याकडे रस्त्यावर स्कूटर आणायची तर 'थर्ड पार्टी' विमा सक्तीचा आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्यावर मात्र तशी सर्वसाधारण सक्ती नाही. कायदा सांगत नसला तरी हे नैतिक कर्तव्य आहे, असे आम्ही म्हणू.

मग विमा घेतला की डॉक्टरची जबाबदारी संपली का? इथे आपल्याला अ‍ॅरिस्टॉटल उपयोगी पडतो. 'निकोमाखियन एथिक्स'च्या पाचव्या भागात तो नुकसानीचे प्रकार वेगळे करतो. कुणालाही कल्पना करता आली नसती असे घडले, तर ते दुर्दैव. कल्पना करता आली असती, पण मनात दुष्टावा नव्हता, तर ती चूक. जाणूनबुजून केले, तर तो अन्याय. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2005 साली असाच विवेक केला : उपचारातली साधी चूक हा फौजदारी गुन्हा नव्हे; त्यासाठी निष्काळजीपणा घोर असावा लागतो. विम्यालाही ही मर्यादा आहे. चूक तो सांभाळतो. हेतुपुरस्सर केलेले दुष्कृत्य किंवा नशेत केलेले उपचार तो सांभाळत नाही.

पण नुकसान यांतले कोणते, हे घरच्यांना कळणार कसे? ते फक्त डॉक्टरच सांगू शकतो, आणि नेमके तिथे त्याचे तोंड बंद होते. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय दायित्व कबूल करू नये, अशी अट पॉलिसीत असते. या अटीचा धाक घेऊन अनेकजण भेटायचेच टाळतात, कागद देत नाहीत. अट तेवढे सांगत नाही. काय घडले ते सांगणे वेगळे, आणि न्यायालयीन दायित्व स्वीकारणे वेगळे. दुसरे कंपनीला विचारून करावे. पहिले कुणाला विचारायचे कारण नाही. ते रुग्णाचे देणे आहे आणि ते कंपनीच्या खात्यावर टाकता येत नाही.

खरे बोलल्याने दावे वाढतील ही भीती आहेच. तिचे एक उत्तर अमेरिकेत मिळते. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयाने 2001 पासून वेगळी वाट धरली : चूक झाली तर आपणहून सांगायचे, क्षमा मागायची, भरपाई देऊ करायची, आणि उपचार योग्य असतील तर न्यायालयात ठामपणे लढायचे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथले दावेही घटले आणि खर्चही घटला, असे दिसले. विमा महाग होण्यावरचा हा एक उपाय सर्वांच्या हातातला आहे.

आपण रुग्णांचे नातेवाईकही या व्यवहारात मोकळे नाही. प्रत्येक मृत्यू म्हणजे कुणाचा तरी गुन्हा, असे मानून आपण दवाखान्यावर धावून जाऊ लागलो. शेवटी महाराष्ट्राला 2010 साली अशा हल्ल्यांविरुद्ध कायदा करावा लागला. जिथे खरे बोलणाऱ्याला मार बसतो, तिथे खरे कोण बोलेल?

तेव्हा आपल्या डॉक्टरांना आमची विनंती : विमा जरूर घ्या, वेळेवर नूतनीकरण करा. कारण दावा येतो तेव्हा पॉलिसी चालू असावी लागते. खंड पडला तर जुन्या उपचारांचे संरक्षणही जाते. आणि दुर्घटना घडलीच, तर वकिलाला फोन कराल, कंपनीलाही कराल. पण त्याच दिवशी त्या घरच्यांसमोर बसा, काय घडले ते सांगा. आणि आपण घरच्यांनी, जीव कासावीस असला तरी, आधी ऐकून घेऊ. मग न्याय मागायचा असेल तर तो जरूर मागू.