दोन जकाती

परगावी गेलेला मुसलमान हॉटेलात शिरला की आधी विचारतो, "हलाल आहे का?" 'होय' म्हटले की तो निश्चिंत होतो, हात धुतो, बिस्मिल्ला म्हणतो आणि जेवायला बसतो. मीही आयुष्यभर असेच करत आलो आहे. झांझिबारला मात्र हे विचारायची वेळच आली नाही. तिथे शंभरातली पंच्याण्णवहून अधिक माणसे मुसलमान. मशिदींच्या बांगा एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत ऐकू येतात. अशा गावात जेवणाबद्दल शंका ती कसली घ्यायची? पण ज्या गावात 'हलाल आहे का' असे विचारावे लागले नाही, त्याच गावात त्याच्या पुढचा प्रश्न मला पहिल्यांदा पडला. या लेखात तो मांडायचा आहे. उत्तर माझ्याकडे पुरतेपणी आहे, असा दावा नाही.

माझा भाचा नोकरीनिमित्त दार-ए-सलामला असतो. त्याच्याकडे गेलो असता, "मामू, दोन दिवस बेटावर जाऊन या," असा त्याने आग्रह धरला. दार-ए-सलामहून बोटीने दोनेक तासांचा प्रवास. बेटाचे खरे नाव उंगुजा. त्यावरच्या जुन्या गावाला स्वाहिलीत 'म्जी म्कोंग्वे' म्हणतात, म्हणजे शब्दशः जुने गाव. जगाला ते 'स्टोन टाउन' म्हणून ठाऊक आहे. युनेस्कोने सन २००० मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पोवळ्याच्या दगडाची जुनी घरे, दोन माणसे जेमतेम चालतील अशा गल्ल्या आणि नक्षीचे भव्य लाकडी दरवाजे. काही दरवाज्यांवर पितळी सुळे बसवलेले. ती रीत आपल्याकडची. हत्तीने धडक देऊ नये म्हणून आपल्या किल्ल्यांच्या दरवाज्यांना असे सुळे असत. झांझिबारात दारावर धडका द्यायला हत्ती नव्हते, आले ते फक्त हत्तींचे दात, व्यापारासाठी. तरी दरवाज्याची शोभा समुद्र ओलांडून गेलीच.

तसेच खाण्याचे. पहिल्याच सकाळी दाराजानीच्या बाजाराजवळ एका टपरीवर बसलो, तेव्हा परदेशात आल्यासारखे वाटेना. चपातीला ते 'चपाती'च म्हणतात, भज्यांना 'बाजिया', बिर्याणीला 'बिरियानी', कोशिंबिरीला 'कचुंबरी'. दुपारी पिलाव खाल्ला. त्यात लवंग, दालचिनी, वेलची, मिरी अशी भरलेली की झाकण काढताच दादीच्या स्वयंपाकघराची आठवण झाली. 'उरोजो' नावाचा एक आंबट, पिवळा रस्सा असतो. त्यात भजी, उकडलेला बटाटा, कसाव्याचा कुरकुरीत चुरा आणि वरून चटणी. मुंबईच्या भेळेची ही आफ्रिकेत दिलेली लेकच म्हणावी. नारळाच्या दुधात शिजवलेला ऑक्टोपस आहे. ओमानी हलवा आहे, तो घासभर घ्यायचा आणि वर कडू कॉफी प्यायची. अरबांची कॉफी, हिंदुस्थानचा मसाला, आफ्रिकेचा नारळ आणि कंद हे सारे एकाच ताटात असे मुरले आहे की कोणते कोणाचे ते सांगता येऊ नये. 'संस्कृतींचा संगम' हा शब्द आपण भाषणांत इतका वापरतो की तो गुळगुळीत झाला आहे. इथे तो जिभेवर खरा वाटला.

संध्याकाळी सारे गाव समुद्रकाठच्या फोरोधानी बागेत लोटते. शिगेवर भाजलेले मांस, मासळी, आले-लिंबू घातलेला उसाचा रस. दिव्यांच्या उजेडात धूर आणि गर्दी. मी भाच्याच्या मित्राला सहज विचारले, फोरोधानी म्हणजे काय? तो स्थानिक, पर्यटकांना गाव दाखवण्याचे काम करणारा तरुण. म्हणाला, "फोरोधा म्हणजे जकातघर. फोरोधानी म्हणजे जकातघरापाशी." आणि मग थोडे थांबून म्हणाला, "इथे माणसांचीही जकात भरत असत."

हातातली शीग हातातच राहिली.

इतिहास मला अगदीच ठाऊक नव्हता असे नाही. ओमानचे सुलतान सय्यद सईद यांनी १८४०च्या सुमारास आपली राजधानी मस्कतहून इथे हलवली. त्याच्या थोडे आधीपासून बेटावर लवंगेची लागवड सुरू झाली होती. हळूहळू उंगुजा आणि शेजारचे पेंबा ही दोन बेटे जगाला लवंग पुरवू लागली. लवंग म्हणजे न उमललेली कळी. ती उमलण्यापूर्वी हाताने खुडावी लागते, मग देठ वेगळे करून उन्हात वाळवावी लागते. या कामाला शेकड्यांनी हात लागत. ते हात आफ्रिकेच्या आतल्या मुलखातून गळ्यात जोखड घालून आणले जात. काही बागांत राबत, काही पुढे अरबस्तानात आणि इराणच्या आखातात विकले जात. बाजारात आलेल्या प्रत्येक माणसामागे ठरलेला कर होता. तो वसूल करण्याचा मक्ता दीर्घ काळ कच्छच्या भाटिया व्यापाऱ्यांच्या जयराम शिवजी पेढीकडे होता. म्हणजे माल आफ्रिकेचा, मालक अरब आणि स्वाहिली, भांडवल पुष्कळसे हिंदुस्थानचे आणि लवंगेचे गिऱ्हाईक सारे जग. मी ज्या ताटाला संगम म्हणत होतो, त्या संगमावर ही चौथी नदीही येऊन मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी तो तरुण मला गुलामांच्या बाजाराच्या जागी घेऊन गेला. १८७३ साली ब्रिटिशांच्या दडपणाखाली सुलतान बर्गश यांनी करार करून तो बाजार बंद केला. त्या जागेवर आज चर्च उभे आहे. आवारात एक खड्डा खणून त्यात पाच माणसांचे पुतळे उभे केले आहेत, गळ्यात लोखंडी साखळी. क्लारा सोर्नास या स्वीडिश शिल्पकर्तीचे हे १९९८चे काम. आपण वर उभे असतो, ती माणसे खाली. त्यांच्याकडे पाहायचे तर मान झुकवावीच लागते.

मला काहीतरी बोलणे भाग वाटले. मी म्हणालो, "आपल्या धर्मात तर गुलाम मुक्त करणे हे मोठे पुण्य सांगितले आहे." तो तरुण स्वतः पाचवक्ता नमाजी. शांतपणे म्हणाला, "हुकूम तर होता. मग बाजार का होता?"

मराठीत जकात या शब्दाचे दोन अर्थ आहेत. नाक्यावर मालावर घेत असत ती जकात आणि मुसलमान आपल्या संपत्तीतून दरवर्षी गरिबांसाठी काढतो ती जकात. कुरआनने ही दुसरी जकात कोणासाठी खर्च करावी याचे आठ मार्ग सांगितले आहेत. त्यांत एक मार्ग गुलामांच्या मुक्ततेचा आहे आणि एक कर्जात बुडालेल्यांच्या सुटकेचा. झांझिबारात या दोन्ही जकाती एकाच वेळी चालू होत्या. माणसाच्या विक्रीवर पहिली जकात घेतली जात होती आणि त्याच उत्पन्नातून श्रीमंत लोक दुसरी जकात देऊन मन शांत करत होते. दोन्ही हिशेब वेगवेगळ्या वह्यांत होते. कोणी त्या शेजारी शेजारी उघडून ठेवल्या नाहीत.

यावर आपल्यातले काही लोक म्हणतील की भूतकाळाला आजच्या कसोट्या लावू नयेत. गुलामगिरी तेव्हा सगळीकडेच होती, युरोपियनांनी तर अटलांटिकपार लक्षावधी माणसे नेली. हे खरेच आहे. गुलामांचे कैवारी म्हणून मिरवणाऱ्या ब्रिटिशांनी १८९७ साली इथे गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढली, तेव्हा नुकसानभरपाई दिली ती मालकांना, गुलामांना नाही. रखेल म्हणून ठेवलेल्या स्त्रियांना तर १९०९ पर्यंत वाट पाहावी लागली. पण दुसऱ्याची वही काळी आहे म्हणून आपली पांढरी होत नाही. आणि मी लावतो आहे ती कसोटी आजची नाही. कुरआनने गुलामगिरी एका फटक्यात बंद केली नाही, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. परंतु शपथ मोडली तर गुलाम सोडा, चुकून हत्या झाली तर गुलाम सोडा, चढायला कठीण असा घाट कोणता तर मानेवरचे जोखड काढणे, ही दिशा सातव्या शतकातच दाखवलेली होती. त्या दिशेने चालायला बाराशे वर्षे मिळाली होती. आपण सवलत तेवढी वाचली आणि दिशा विसरलो.

आपल्या देशानेही झांझिबारच्या लवंगेवर एकदा बहिष्कार टाकला होता. १९३७ साली. तिथल्या वसाहती सरकारने लवंगेच्या व्यापाराचे असे नियम केले की हिंदी व्यापाऱ्यांचा धंदा बुडण्याची वेळ आली. तेव्हा काँग्रेसने लवंग घेऊ नका अशी हाक दिली आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. त्या व्यापाऱ्यांवर अन्याय झाला होता, याबद्दल वाद नाही. पण लवंग खुडणारा गुलाम होता त्या सगळ्या काळात असा बहिष्कार कोणाला सुचल्याचे मला कुठे वाचायला मिळाले नाही. आपल्या माणसाचा नफा गेला की लवंग कडू लागते. परक्याचे आयुष्य गेले तर ती बिर्याणीत सुगंधीच राहते.

कुरआनात खाण्याविषयी बोलताना हलालच्या जोडीला आणखी एक शब्द येतो, तय्यब. चांगले, निर्मळ. आपण पहिला शब्द पाठ केला. सुरी कशी फिरवली, नाव कोणाचे घेतले याची चौकशी करतो. दुसरा शब्द मात्र केवळ स्वच्छतेपुरता ठेवला. वास्तविक आपल्याच परंपरेत हराम कमाईचा घास खाणाऱ्याची प्रार्थना कबूल होत नाही, असे बजावले आहे. म्हणजे प्रश्न फक्त जनावराच्या गळ्याचा नाही. ते अन्न ज्याच्या हातून आले, त्या माणसाच्या गळ्याचाही आहे.

इथवर लिहून थांबता आले असते. झांझिबार दूर आहे आणि सुलतान मेलेले आहेत. पण त्या खड्ड्यातल्या पाच चेहऱ्यांपैकी एक चेहरा मला ओळखीचा वाटला, ते सांगितले नाही तर हा लेख खोटा ठरेल.

माझ्या लहानपणी आमच्या घरी एक मुलगी कामाला होती. नऊ-दहा वर्षांची असेल, माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान. तिच्या बापाने माझ्या अब्बांकडून बाराशे रुपये उसने घेतले होते. ते फिटेपर्यंत ती आमच्याकडे राहणार होती. ती मसाला कुटायची, भांडी घासायची, चुलीपुढे बसायची. ईदच्या बिर्याणीचा मसाला तिच्याच हातचा असे. आम्ही दस्तरखानावर बसलो की ती दाराशी उभी राहायची आणि सगळ्यांचे झाल्यावर जेवायची. तिला कोणी मारले नाही. दादी तिला ईदला नवे कपडेही करायची. आम्ही स्वतःला दयाळू समजत होतो. ज्या नोकराने तुमच्यासाठी चुलीची धग आणि धूर सोसला, त्याला आपल्याबरोबर बसवा, निदान त्यातला घास तरी त्याच्या हातावर ठेवा, अशी पैगंबरांची शिकवण आहे. ती आमच्या घरात सर्वांना माहीत होती.

अब्बा रमजानमध्ये पै-पैचा हिशेब करून जकात काढत. ती मदरशाला जाई, दूरच्या विधवांना जाई. घरात चुलीपाशी एक कर्जात अडकलेले कुटुंब आणि एक अडकलेला जीव बसला आहे, आठांतले दोन मार्ग आपल्याच उंबऱ्याच्या आत आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. ते वाईट होते म्हणून नव्हे. त्यांच्याही दोन वह्या वेगळ्या होत्या. ती मुलगी चार वर्षांनी गेली. कोठे, ते मी विचारले नाही. झांझिबारच्याच अब्दुलरझाक गुर्ना यांना २०२१ साली साहित्याचे नोबेल मिळाले, तेव्हा त्यांची 'पॅराडाइज' ही कादंबरी वाचली होती. बापाच्या कर्जापायी व्यापाऱ्याकडे गहाण पडलेल्या मुलाची ती गोष्ट. वाचताना हळहळलो होतो. तरी आमच्या घरातली मुलगी मला तेव्हा आठवली नाही. तिच्यासाठी मला त्या खड्ड्यापर्यंत जावे लागले.

मग काय करायचे? प्रत्येक घासाची वंशावळ काढत बसलो तर माणूस उपाशी मरेल, हा आक्षेप मला मान्य आहे. लवंगेचा काही गुन्हा नाही, आणि आज तिथे लवंग खुडून पोट भरणाऱ्याला मी न खाण्याने मदत होणार नाही. झांझिबारात १९६४च्या जानेवारीत क्रांती झाली, तेव्हा जुना सूड म्हणून हजारो अरब आणि हिंदी माणसे मारली गेली. त्यांत कधी गुलाम न पाहिलेले छोटे दुकानदारही होते. तोही हिशेब नव्हे. मला इतकेच वाटते की जो घास आपल्या हाताच्या टप्प्यात आहे, त्याची चौकशी तरी आपण करावी. आपल्या घरात स्वयंपाक करणारी बाई कोठे बसून जेवते? दुकानातला पोऱ्या कोणाच्या कर्जापायी उभा आहे? रसवंतीत आपण पितो त्या रसाचा ऊस तोडणाऱ्याने मुकादमाकडून किती उचल घेतली आहे? जकातीचा कागद काढू तेव्हा या माणसांची नावे आधी आठवावीत.

येताना दाराजानीतून पावशेर लवंग आणली. यंदाच्या ईदला ती बिर्याणीत पडली. वास तोच होता, दादीच्या स्वयंपाकघराचा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना पत्नीने आमच्याबरोबरच दस्तरखानावर बसवले. त्या अवघडल्या, आम्हीही अवघडलो. इतक्या वर्षांनंतरचा तो अवघडलेपणा हीच आमच्या घराची खरी वही होती.

अब्बांची जुनी खातेवही अजून कपाटात आहे. त्यात त्या मुलीच्या बापाच्या नावापुढे बाराशे रुपये लिहिलेले आहेत आणि पुढे 'फिटले' अशी नोंद आहे. मी ती पुन्हा पुन्हा पाहतो. चार वर्षे एका मुलीने आमच्या चुलीचा धूर सोसला. त्या व्यवहारात देणेकरी नक्की कोण होते?