सौम्य दुःखाचं काय करायचं?

इंग्लंडमध्ये राहत असाल तर एनएचएस टॉकिंग थेरपीज हे नाव तुमच्या कानावरून गेलं असेल. ही योजना २००८ साली वेगळ्या नावाने सुरू झाली आणि २०२३ पासून या नावाने ओळखली जाते. जीपीच्या चिठ्ठीशिवायही तुम्हाला तिथे थेट नाव नोंदवता येतं. त्रास सौम्य ते मध्यम असेल तर बहुतेक वेळा आधी मिळते ती ‘गाइडेड सेल्फ-हेल्प’. (याला ‘मार्गदर्शित स्वयंसाहाय्य’ म्हणता येईल, पण मग ते जिल्हा परिषदेच्या योजनेसारखं वाटतं.) यात एक पुस्तिका किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम मिळतो, गृहपाठ मिळतो, आणि आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास एक प्रशिक्षित व्यक्ती फोनवर किंवा समोर बसून तो गृहपाठ तुमच्याबरोबर पाहते. अशा साधारण सहा ते आठ भेटी होतात आणि उपचार संपतो. तिथल्या २०२२ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये कमी तीव्रतेच्या नैराश्यासाठी सुचवलेल्या उपचारांच्या यादीत हिचं नाव सर्वात वर आहे.

हे सांगितलं की आपल्या लोकांत दोन प्रतिक्रिया हमखास येतात. काहीजण म्हणतात, “माझं एवढं कुठे काय आहे, की मी कोणाची मदत घ्यावी?” आणि काहीजण म्हणतात, “शेवटी सगळं मीच करायचं, तर याला मदत का म्हणायचं?” पहिल्या प्रश्नात संकोच आहे, दुसऱ्यात थोडा राग. मला हे दोन्ही प्रश्न वैद्यकीय कमी आणि नैतिक जास्त वाटतात.

आधी ‘सौम्य’ हा शब्द पाहू. तो येतो एका प्रश्नावलीतून. पीएचक्यू-९ मध्ये गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात आणि प्रत्येकाला ० ते ३ गुण. एकूण २७ पैकी ५ ते ९ म्हणजे सौम्य, १० ते १४ म्हणजे मध्यम. वर उल्लेख केलेल्या २०२२ च्या सूचनांनी तर सौम्य-मध्यम ही विभागणीच बाजूला ठेवली, १६ वर रेघ मारली आणि ‘कमी तीव्र’ व ‘अधिक तीव्र’ असे दोनच भाग केले. म्हणजे ज्या शब्दावर आपण आपली लायकी ठरवतो तो एका समितीच्या बैठकीत बदलू शकतो. आणि तो शब्द मोजतो काय? झोप, भूक, थकवा, लक्ष लागणं न लागणं. दुःख कशाचं आहे हे ही प्रश्नावली विचारतच नाही. वडिलांचे अंत्यसंस्कार मोबाइलच्या पडद्यावर पाहावे लागलेल्या माणसाचे ८ गुण येऊ शकतात, आणि सगळं सुरळीत असलेल्या एखाद्याचे १७. ‘सौम्य’ हे दुःखाचं वजन नाही. गेल्या दोन आठवड्यांत ही लक्षणं तुम्हाला किती वेळा जाणवली, एवढंच ते सांगतं.

आपण मात्र दुःखाची बोर्डासारखी गुणवत्ता यादी लावतो. आजीने सात बाळंतपणं काढली, वडिलांनी चाळीतल्या एका खोलीत पाच भावंडांत अभ्यास केला, आणि मला सेंट्रल हीटिंगच्या घरात बसून रडू येतं? परदेशात राहणाऱ्याला ही यादी जास्त छळते. इथे येणं हा सगळ्यांच्या दृष्टीने बक्षीस समारंभ असतो आणि बक्षीस घेताना तोंड पाडायचं नसतं. घरी फोन केल्यावर आईला ‘मन लागत नाही’ हे तीन शब्दसुद्धा आपण सांगत नाही, कारण ती लगेच म्हणणार, “मग ये परत.” ते उत्तर आपल्याला परवडत नाही.

या यादीच्या मागे एक खरा युक्तिवाद आहे आणि तो झटकून टाकू नये. सोय मर्यादित आहे, रांग आहे. मी जागा घेतली तर माझ्याहून वाईट अवस्थेतल्या कोणाची तरी जागा जाते. हे ऐकायला फार न्यायाचं वाटतं. पण या व्यवस्थेत पायऱ्या आहेत. गाइडेड सेल्फ-हेल्प देणारी माणसं त्याच कामासाठी वेगळं प्रशिक्षण घेतलेली असतात, तीव्र आजाराचे उपचार ती करत नाहीत. तुम्ही आला नाहीत म्हणून तुमचा अर्धा तास वॉर्डातल्या रुग्णाकडे जात नाही. पैशाची पिशवी अखेर एकच असते, हे मान्य. पण मग तोच निकष दाढदुखीला आणि गुडघ्याला लावा की! तिथे आपण ‘जगात कॅन्सर असताना माझा गुडघा कसा दाखवू’ असं म्हणत नाही. शिवाय व्हिसावर असलेले आपण त्या पिशवीत नुसता हात घालणारे नाही. २०२४ पासून प्रौढ नोकरदाराला आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला १,०३५ पौंड भरावे लागतात, आणि कर वेगळा. तरी हा पैशाचा मुद्दा मी शेवटी ठेवते, कारण अधिभार न भरणाऱ्यालाही मन असतं.

आता दुसरी तक्रार. ती मला जास्त वजनाची वाटते.

‘सेल्फ-हेल्प’ या शब्दाला इतिहास आहे. सॅम्युएल स्माइल्स या स्कॉटिश लेखकाचं त्याच नावाचं पुस्तक १८५९ साली आलं आणि प्रचंड खपलं. कष्ट, काटकसर, चिकाटी यांच्या जोरावर माणूस वर येतो, हा त्याचा सूर. यातलं काही खोटं नाही. पण हाच सूर गिरणीमालकाच्या तोंडी आला की कामगाराला ऐकू येतं ते एवढंच: तुझं तू बघ.

या उपचारामागे जो विचार आहे त्याचंही असंच आहे. घटना माणसाला तेवढा त्रास देत नाहीत जेवढा तिच्याबद्दलचा आपला समज देतो, हे सूत्र एपिक्टेटस या तत्त्वज्ञाकडून आलं. विसाव्या शतकात अल्बर्ट एलिस यांनी त्यावर आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी केली. मराठीत ही पद्धत रुजवली ती कि. मो. फडके यांनी, एलिस यांच्याशी त्यांचा अनेक वर्षं पत्रव्यवहार होता. एपिक्टेटस स्वतः गुलाम म्हणून वाढला होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ‘माझ्या समजांवर माझी सत्ता आहे’ असं गुलाम स्वतःशी म्हणतो तेव्हा ती मुक्ती असते. तेच वाक्य मालक गुलामाला ऐकवतो तेव्हा तो निर्लज्जपणा असतो. वाक्यात एका अक्षराचाही फरक नाही.

म्हणून ‘स्वतःला मदत करा’ हे सांगणं योग्य की अयोग्य, याचं उत्तर मला त्या सल्ल्यात सापडत नाही. कोण सांगतंय, कुठे उभं राहून सांगतंय, आणि सांगून झाल्यावर ते थांबतंय की निघून जातंय, यात ते सापडतं. तीन माणसांचं काम एका कंत्राटी संशोधकावर टाकायचं आणि वर ताणव्यवस्थापनाच्या अॅपची लिंक पाठवायची, हे मी पाहिलं आहे. (संस्थेचं नाव महत्त्वाचं नाही, तुमच्याही कचेरीतून अशी मेल आली असेल.) त्या अॅपमधले व्यायाम कदाचित उत्तम असतील. पण ज्याच्यामुळे झोप उडाली त्यानेच झोपेचे धडे देऊ नयेत.

सरकारही याबाबतीत अगदी निर्मळ नाही. या योजनेसाठी अर्थतज्ज्ञ रिचर्ड लेयार्ड आणि मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी जो आग्रह धरला त्यात एक मोठा मुद्दा हिशोबाचा होता: बरी झालेली माणसं कामावर परततील, भत्ते वाचतील, खर्च भरून निघेल. काहींना यात थेरपीच्या नावाने माणसं पुन्हा जात्याला जुंपण्याचा डाव दिसतो. मला हिशोबाचा राग येत नाही. एरवी खासगी तासाला पन्नास-साठ पौंड मोजू शकणाऱ्यांपुरतीच राहिली असती ती गोष्ट या हिशोबाने सगळ्यांच्या दारात आली.

मी स्वतः या सहा भेटी घेतल्या आहेत, म्हणून आत काय होतं ते थोडं सांगते. फोनवरची मुलगी माझ्याहून बरीच लहान असावी. पहिल्या आठवड्यात तिने मला तासातासाला काय करते ते लिहायला सांगितलं. मग त्या कामांची तीन प्रकारांत वाटणी: रोजची, गरजेची, आवडीची. माझ्या तिसऱ्या रकान्यात आठवडाभरात चार वेळा चहा होता, आणि त्यातला दोनदा प्रयोगशाळेतल्या सिंकपाशी उभ्याने घेतलेला. तिने काही निदान केलं नाही, समजावलं नाही. “हे तुम्हाला कसं वाटतं?” एवढंच विचारलं. पुढच्या भेटीत काळज्यांची वाटणी. ज्यावर आज काही करता येईल त्या एकीकडे, आणि नुसत्या ‘असं झालं तर’ च्या दुसरीकडे. कंत्राट संपल्यावर व्हिसाचं काय, ही काळजी मी दुसऱ्या बाजूला लिहिली. तिने ती उचलून पहिल्या बाजूला ठेवायला लावली, कारण नियम वाचणं आणि एक मेल लिहिणं मला आज शक्य होतं. त्या कागदाने कंत्राट एका दिवसाने वाढलं नाही. पण रात्री तीन वाजता मी ज्याला ‘माझा स्वभाव’ म्हणत होते त्यातला निम्मा भाग गृहखात्याचे नियम होता, हे तेव्हा उघड झालं. परिस्थिती विसरायला लावणारी पद्धत म्हणून हिच्यावर टीका होते. माझ्या बाबतीत परिस्थिती आणि मी यांच्यामधली रेघ आधी कधी इतकी स्पष्ट दिसली नव्हती.

ती पुस्तिका मी एकटीने वाचली असती तर? बहुधा दुसऱ्या प्रकरणाशी थांबले असते. हा माझा अंदाज. पण २०१५ साली बीएमजेमध्ये प्रसिद्ध झालेला इंग्लंडमधला एक मोठा प्रयोग याच दिशेने बोट दाखवतो. जीपीच्या नेहमीच्या उपचारांना संगणकावरच्या थेरपीची जोड दिली होती. लोकांना फोनही येत होते, पण ते मुख्यतः तांत्रिक अडचणी सोडवणारे. नेहमीच्या उपचारांपेक्षा त्याचा काही विशेष फायदा दिसला नाही; बरेचजण मध्येच थांबले. उलट गोव्यातलं उदाहरण पाहा. ‘संगाथ’ या संस्थेने विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘हेल्दी अॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ राबवला. भेटी सहा ते आठच. पद्धतही ओळखीची: दिवसात काय करता, काय करायचं सुटलं, त्यातलं एक पुन्हा सुरू करू. समुपदेशक म्हणजे मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेली, पण त्या कामासाठी तयार केलेली स्थानिक माणसं. आणि रुग्ण सौम्य नव्हते, चांगल्या तीव्र नैराश्याचे होते. तीन महिन्यांनी त्यांच्यातल्या ६४ टक्क्यांचे गुण धोक्याच्या रेघेखाली आले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के. पणजीपासून पुस्तक पाठवून हे झालं नसतं. गृहपाठ घेणारं कोणीतरी पुढच्या आठवड्यात परत येणार होतं.

आपला उद्धार आपणच करावा, हे गीतेच्या सहाव्या अध्यायातलं वचन आपल्याकडे मुलांना खाली पडल्यावरही ऐकवतात. ते वचन कोणाच्या तोंडी आहे हे मात्र सोयीने विसरतात. सांगणारा त्याच रथावर, घोड्यांचे लगाम धरून बसलेला आहे, आणि अठरा अध्याय संपल्यावरही तो उतरून जात नाही.

एक गोष्ट अजून सांगायला हवी, कारण शाळेत पहिल्या बाकावर बसलेल्या आपल्यासारख्यांना ती नक्की बोचते: गृहपाठ करूनही बरं वाटलं नाही तर दोष कोणाचा? या योजनेचं राष्ट्रीय उद्दिष्ट अनेक वर्षं असं होतं, की उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी निदान ५० टक्के बरे व्हावेत. नीट पाहा. म्हणजे दर दोघांतला एक रेघेच्या वरच राहू शकतो हे व्यवस्थेने आधीच धरलेलं आहे. म्हणूनच पुढची पायरी ठेवलेली आहे, तिथे अधिक काळाची, पूर्ण प्रशिक्षित थेरपिस्टबरोबरची थेरपी असते. ती न मागता ‘मीच कमी पडले’ म्हणत घरी बसणं हा नम्रपणा नाही, ती चुकीची आकडेमोड आहे. आणि जगणंच नकोसं वाटत असेल तर हा सगळा पायऱ्यांचा विचार सोडा. इंग्लंडमध्ये १११ लावून दुसरा पर्याय निवडा, जिवाला लगेच धोका असेल तर ९९९.

बाकी नाव नोंदवायला फारसा वेळ लागत नाही. मुख्य त्रास काय हे आपल्या शब्दांत सांगायचं असतं, आणि दुभाषा हवा असेल तर तसं कळवता येतं. मी तेव्हा इंग्रजीत ‘लो मूड’ असं लिहिलं, मग ते खोडून इंग्रजी अक्षरांत ‘मन लागत नाही’ लिहिलं. पहिल्या फोनवर त्या मुलीने विचारलं, “हे काय लिहिलंय, मला सांगाल का?” सांगायला जवळजवळ दहा मिनिटं लागली.