आपल्यातलं कोणी जाईल का?



आज मिशन रविवार. पोप पायस अकरावे यांनी 1926 साली हा दिवस अखिल ख्रिस्तसभेला नेमून दिला. आपल्याकडे या दिवशी दानाची थैली फिरते, प्रवचनात दूरदेशीच्या मिशनरींची आठवण होते आणि पुढच्या वर्षापर्यंत विषय मिटतो. यंदा तो माझ्यापुरता मिटला नाही. प्रकाशा येथे एका घरी मिस्सा झाल्यावर कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने मला थांबवले. युरोपातील कुठल्याशा धर्मग्रामातले तरुण-तरुणी सुट्टीत आफ्रिकेत सेवेला गेले होते, त्यांचे चित्रण त्याने मोबाईलवर पाहिले होते. विटा वाहणारी, लहान मुलांबरोबर गाणारी ती मुले त्याच्याच वयाची. त्याने विचारले, "फादर, आपल्यातलं कोणी असं जाईल का?"

मी तयार उत्तर दिले. "मिशन आपल्या घरापासून सुरू होतं, बाळा." तो "हो फादर" म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेला.

परत येताना तापीच्या पुलावर मला माझीच लाज वाटली. वाक्य खोटे नव्हते, पण त्या वाक्याने मी त्याला खाली बसवले होते. आपल्या भागात मिशन म्हटले की बाहेरून कोणीतरी येतो आणि शाळा, दवाखाना, वसतिगृह देतो, आपण घेणारे. पिढ्यान्‌पिढ्या असे चालले की आपणही पाठवले जाण्याच्या लायकीचे आहोत हे माणसाला सुचतच नाही. त्या मुलाला ते सुचले होते. मी त्याला संत गोन्सालो गार्सियाची गोष्ट सांगायला हवी होती.

गोन्सालो आपल्याच महाराष्ट्रातला, वसईचा. जन्म 1557 च्या सुमारास. वडील पोर्तुगीज, आई तिथलीच. वसईत तो येशूसंघीय फादरांच्या हाताखाली शिकला आणि पंधराएक वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जहाजाने जपानला गेला. तिथे तो आधी लोकांची भाषा शिकला आणि मग धर्मशिक्षणाच्या कामात मदत करू लागला.

भाषेचे महत्त्व आपल्याला वाटते त्याहून मोठे आहे. संत फ्रान्सिस झेवियर 1549 साली जपानला पोहोचले, तेव्हा दुभाष्याच्या भरवशावर देवासाठी 'दाइनिची' हा शब्द वापरू लागले. ते तिथल्या एका पंथात पूजल्या जाणाऱ्या बुद्धाचे नाव निघाले! तिथले भिक्षू आधी खूश झाले, हा परदेशी आपलेच सांगतो आहे म्हणून. चूक उमगल्यावर झेवियरांनी 'देऊस' हा लॅटिन शब्द धरला. (सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही शब्दांच्या अर्थावर रात्र रात्र वाद घालत असू. इथे आल्यावर मी भिलीत पहिली प्रार्थना म्हटली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या आजीबाई पदर तोंडाला लावून हसल्या. वाद तिथेच संपला.)

गोन्सालोला येशूसंघात प्रवेश हवा होता. तो मिळाला नाही. त्याने व्यापार धरला, त्यात पैसाही मिळवला. पण मन रमले नाही. पुढे मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाला. तो याजक कधीच झाला नाही. 1593 साली फादर पेद्रो बाप्तिस्ता फिलिपाइन्सहून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेले, तेव्हा दुभाषी कोण? वसईचा ब्रदर गोन्सालो. वर्षानुवर्षे ऐकून ऐकून कमावलेली भाषा कामी आली. त्या फ्रान्सिस्कनांनी क्योतोमध्ये कुष्ठरोग्यांची सेवा केली. 1596 च्या अखेरीस राज्यकर्त्यांची मर्जी फिरली, धरपकड झाली. कैद्यांच्या डाव्या कानाची पाळी कापली, ऐन थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी 26 जणांना क्रुसावर चढवले. त्यांतले 20 जण जपानी होते आणि सर्वांत लहान लुईस इबाराकी अवघा 12 वर्षांचा. पाहुणा आणि घरचे एकाच रांगेत मेले. 1862 साली पोप पायस नववे यांनी त्या सर्वांना संतपद दिले.

मी 'पाहुणा' हा शब्द मुद्दाम वापरला. लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय घरी काढून वाचा. प्रभू बहात्तर जणांना पाठवतो तेव्हा थैली नको, झोळी नको म्हणतो. ज्या घरात उतराल तिथेच राहा, पुढ्यात येईल ते खा, असे बजावतो. म्हणजे जाणाऱ्याचे पोट ज्यांच्याकडे तो गेला त्यांच्याच हाती. काही वर्षांपूर्वी परदेशी युवकांचा एक गट आपल्या भागातल्या एका वसतिगृहात आठवडाभर राहून गेला. त्यांनी वाटलेल्या वह्या केव्हाच भरल्या. मुलींना आजही आठवते ती त्यांतली एक ताई. ती चुलीपाशी भाकरी थापायला बसली, तीन भाकरी जाळल्या आणि प्रत्येक वस्तूचे भिली नाव विचारून पेनाने तळहातावर लिहून घेत राहिली.

असा पाहुणा होणे आपल्या मुलांना कोणी शिकवायला नको. दिवाळीनंतर आपल्यातली कितीतरी घरे ऊसतोडीसाठी गुजरातेत बारडोलीकडे उतरतात. नवरा-बायकोचा एक कोयता, सोबत पोरे. परक्याच्या शेताच्या बांधावर झोपडी, परकी भाषा. उचल घेऊन जाणे आणि प्रभूने पाठवणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे मला चांगले ठाऊक आहे. कर्जाला मी पुण्य म्हणणार नाही. पण महिना-दोन महिन्यांत गुजराती बोलू लागणारी आपली पोरे मी पाहिली आहेत. हीच मुले आफ्रिकेत किंवा जपानात का जाऊ नयेत?

त्या मुलाला मी पुन्हा बोलावून घेतले आणि माझे उत्तर परत घेतले. हातात एखादे कौशल्य हवे, नर्सिंग म्हणा किंवा वायरमनचे काम. इंग्रजी पक्के हवे. घरच्यांची संमती हवी. कोणत्या मिशन संघांशी बोलता येईल ते मी पाहतो आहे. यंदा सेमिस्टर परीक्षा झाली की तो काकांच्या पडावावर पंधरा दिवस राहणार आहे आणि संध्याकाळी तिथल्या मुलांना जमवून लिहायला-वाचायला आणि प्रार्थना म्हणायला शिकवणार आहे.

तोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी आपल्या मुक्कामाचे गाव मला कळवावे. त्यांना मिस्साच्या वेळी वेदीपुढे बोलावून, आशीर्वाद देऊनच पाठवायचे आहे. यादीत त्या मुलाचे नाव पहिले आहे. त्याने पासपोर्टचा अर्जही भरला आहे.

आपला धर्मगुरू