वेदनेची साक्ष

आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात अशी दोन-चार घरे असतात, जेथे एक्स-रे, एमआरआय आणि रक्ततपासणीच्या कागदांनी भरलेली पिशवी खुंटीला टांगलेली असते. कोणाची कंबर पाच वर्षांपासून दुखते आहे. कोणाला नागीण होऊन गेली, फोड वाळले, पण त्वचेखालची आग शमलेली नाही. मधुमेहाने ग्रासलेल्या कोणाचे तळपाय रात्रभर जळतात. नेहमीचे डॉक्टर हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवतात, ते मज्जातंतूंच्या तज्ज्ञाकडे, ते आणखी कोणाकडे. अखेरीस एक वाक्य पदरी पडते : ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काहीही झालेले नाही.’ रुग्ण पिशवी घेऊन परततो आणि दुखणेही त्याच्यासोबत परतते. मशिदीत दुआ करवून घेण्यासाठी येणाऱ्यांपैकी कित्येक जण अशी पायपीट करून थकलेले असतात.

वाचकहो, येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. जे दुःख कोणत्याही यंत्राला दिसत नाही, ते सांगणाऱ्याचा शब्द आपण मानावा की नाही? आणि जे पूर्णपणे बरे करता येत नाही, त्याकडे पाठ फिरवण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो काय? हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाही. ज्या घरात सुनेच्या पाठदुखीला ‘कामाची टाळाटाळ’ म्हटले जाते, त्या घराचाही तो प्रश्न आहे.

प्रथम वैद्यकशास्त्र काय म्हणते ते पाहू. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा वारंवार उद्भवणाऱ्या वेदनेला जुनाट वेदना म्हणतात. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1979 साली केलेली वेदनेची व्याख्या 2020 मध्ये सुधारली, तेव्हा तिच्यासोबत हेही नोंदवले की, आपल्याला वेदना होते असे माणूस सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा आदर राखला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या ज्या वर्गीकरणाचा अंमल 2022 पासून सुरू झाला, त्यात जुनाट वेदनेला स्वतंत्र स्थान आहे. इजा भरून निघाल्यावरही मज्जासंस्था अतिसंवेदनशील राहू शकते आणि माणसाला पूर्वीसारखेच दुखत राहते. तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल’ याचा अर्थ इतकाच की, त्या तपासणीत कारण सापडले नाही. त्यावरून ‘दुखणेच नाही’ असा निष्कर्ष काढणे तर्कालाही धरून नाही.

आता शरीअतचा दृष्टिकोन पाहा. ज्या गोष्टीची माहिती स्वतः त्या व्यक्तीवाचून इतरांना होऊच शकत नाही, तिथे फिकहचे विद्वान त्या व्यक्तीचा शब्द प्रमाण मानतात. इद्दतीच्या काळात मासिक पाळी आली की नाही, याबाबत स्त्रीचे सांगणे स्वीकारले जाते. कारण दुसरा साक्षीदार असूच शकत नाही. रमजानमध्ये रोजा सोडण्याची सवलत घ्यायची असेल तर जाणकार वैद्याच्या मताबरोबरच रुग्णाचा स्वतःचा अनुभवही विचारात घेतला जातो. माननीय इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी नमाजविषयी विचारले तेव्हा आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले की, उभे राहून अदा करावी, ते शक्य नसेल तर बसून आणि तेही शक्य नसेल तर कुशीवर. आपल्या मशिदीत खुर्चीवर बसून नमाज अदा करणाऱ्याकडे कोणी वैद्यकीय दाखला मागत नाही. अल्लाहच्या दरबारात उभे राहण्यासारख्या महान कर्तव्यात ज्याचा शब्द मान्य होतो, त्याचा शब्द स्वयंपाकघरात, कारखान्यात किंवा दवाखान्यात अमान्य का व्हावा?

माननीय उस्मान बिन अबुल आस (रजि.) यांचा प्रसंग या बाबतीत फार बोधप्रद आहे. इस्लामचा स्वीकार केल्यापासून आपल्या शरीरात वेदना होत असल्याची तक्रार त्यांनी प्रेषितांकडे (स.) केली. म्हणजे हे दुखणे जुने होते. प्रेषितांनी (स.) त्यांना दुखणाऱ्या जागी स्वतःचा हात ठेवायला सांगितले, अल्लाहचे नाव घेऊन आश्रयाची दुआ शिकवली आणि ती किती वेळा म्हणावी हेही सांगितले. वेदना खरी की खोटी, याची चौकशी त्यात कोठेही नाही. दुखते कोठे, हे ज्याला दुखते त्यालाच ठाऊक असते, हे गृहीत धरूनच ही शिकवण दिली गेली.

कोणी म्हणेल की, काही लोक खोटे बोलतात. गोळ्यांच्या व्यसनापायी किंवा कामचुकारीपायी दुखण्याचे सोंग करतात. हे खरे आहे. परंतु थोड्यांच्या खोटेपणासाठी सर्वांना संशयित ठरवणे न्यायाचे नाही. पवित्र कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये ईमानधारकांना पुष्कळशा संशयांपासून दूर राहण्याची ताकीद आहे. माननीय उसामा (रजि.) यांनी युद्धात कलिमा उच्चारणाऱ्या एका माणसाला, तो भीतीपोटी बोलला असे समजून ठार केले, तेव्हा प्रेषितांनी (स.) तीव्र नाराजी व्यक्त करून विचारले होते की, तू त्याचे हृदय चिरून पाहिले होतेस काय? प्रसंग वेगळा आहे, पण दुसऱ्याच्या अंतरंगाविषयी निवाडा देण्याची आपली मर्यादा त्यातून स्पष्ट होते. खोट्यावर विश्वास ठेवला तर थोडा वेळ व औषध वाया जाईल. खऱ्याला खोटे ठरवले तर मात्र पीडितावर अत्याचार होईल. या दोहोंत कोणती चूक पत्करावी, हे सांगण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप सब्रच्या नावाने घेतला जातो. ‘सब्र करा’ असे सांगून आपण मोकळे होतो. आदरणीय अय्यूब (अलै.) हे सब्रचे आदर्श, परंतु त्यांनी आपली पीडा अल्लाहसमोर मांडली, आणि त्यांना पाय आपटून निघालेल्या थंड पाण्याने स्नान करण्याचा व ते पिण्याचा आदेश झाला. तक्रार झाली, उपायही झाला, आणि तरीही अल्लाहने त्यांना सब्र करणारा म्हणून गौरवले. अपस्माराने पीडित एक स्त्री प्रेषितांकडे (स.) आली तेव्हा त्यांनी तिच्यासमोर दोन मार्ग ठेवले : सब्र व त्याबदल्यात जन्नत, किंवा बरे होण्यासाठी दुआ. निवड तिची होती. सब्र हा पीडिताने स्वतः स्वीकारण्याचा गुण आहे. शेजाऱ्याने, नवऱ्याने किंवा डॉक्टरने त्याच्यावर लादण्याची ती शिक्षा नव्हे. उपचार करा, असे तर प्रेषितांनी (स.) स्पष्टच सांगितले आहे.

डॉक्टरांची अडचणही न्यायाने पाहिली पाहिजे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कठोर तरतुदींमुळे कित्येक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच बंद केले. ज्या देशात परवान्याने अफूची शेती होते, त्याच देशात कर्करोगाचे रुग्ण तळमळत राहिले. 2014 च्या दुरुस्तीने परवान्याची प्रक्रिया सोपी केली, तरी भीती सहजासहजी जात नाही. इतर जुनाट दुखण्यांत अशा औषधांबाबत सावधगिरी योग्यच आहे. पण उपाय तेवढाच नाही. व्यायामोपचार, मज्जातंतूंच्या वेदनेवरील वेगळी औषधे, काही इंजेक्शने, झोप व मन यांचे उपचार असे मार्ग आहेत. वेदनोपचाराचे दवाखाने बहुधा भूलतज्ज्ञ चालवतात, हेही अनेक रुग्णांना कोणी सांगत नाही. ‘मी हे बरे करू शकत नाही, पण तुमचा त्रास कमी करण्याचा प्रयत्न करीन, अथवा योग्य ठिकाणी पाठवीन’ असे म्हणणारा डॉक्टर आपली अमानत पाळतो. दार बंद झाले की रुग्ण स्टिरॉइड मिसळलेल्या पुड्या विकणाऱ्याकडे किंवा पैसे उकळणाऱ्या आमिलाकडे जातो. वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणाऱ्यावर नुकसानीची जबाबदारी येते, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे, परंतु ज्यांनी त्याला तेथवर ढकलले, त्यांनीही आत्मपरीक्षण करावे.

मग आपण काय करावे? आपल्याच देशातील केरळकडे पाहा. कोझिकोडमध्ये 1993 साली वेदनाशामक सेवेचे काम सुरू झाले आणि पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. साधी माणसे रुग्णाच्या घरी जातात, ऐकतात, नर्स व डॉक्टरांना निरोप पोहोचवतात. आपल्या जमातीलाही हे अशक्य नाही. रुग्णासोबत एक शहाणा सोबती दवाखान्यात जावा. वेदना केव्हा वाढते, कशाने कमी होते, झोप किती लागते, कोणती औषधे घेऊन झाली, हे एका वहीत लिहून न्यावे; पाच मिनिटांच्या तपासणीत तोंडी सांगण्यापेक्षा ते अधिक उपयोगी पडते. जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याचे भाडे सदक्याच्या रकमेतून देता येईल. आणि घरात, जेवणाच्या वेळी, ‘आज कसे आहे?’ एवढे तरी विचारावे व उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे.

कयामतच्या दिवशी अल्लाह माणसाला विचारील की, मी आजारी होतो, तू माझी विचारपूस का केली नाहीस. आणि माणूस चकित होईल तेव्हा त्याला सांगितले जाईल की, माझा अमुक दास आजारी होता, त्याच्याकडे गेला असतास तर मला तेथे पावला असतास. या हदीसमध्ये तो आजार यंत्रात दिसत होता की नाही, याचा उल्लेख नाही.

अल्लाह सर्व पीडितांना आरोग्य देवो, उपचार करणाऱ्यांच्या मनात करुणा निर्माण करो आणि आपल्याला दुसऱ्याच्या वेदनेवर विश्वास ठेवण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.