मृताची इच्छा आणि वारसांचा विवेक

मनुष्य जन्मभर मिळवितो, आणि जातांना तें कोणाच्या हातीं जावें हें आपणच ठरवावें असें त्यास वाटतें. या इच्छेपोटींच मृत्युपत्र जन्मास आलें. परंतु मृत्युपत्र अमलांत येतें तें करणारा निघून गेल्यावर. पुढें तंटा माजला तर ‘माझ्या मनांत असें होतें’ हें सांगावयास तो न्यायासनापुढें येऊं शकत नाहीं. म्हणून वारसांच्या दाव्यांपासून आपलें मृत्युपत्र सुरक्षित कसें ठेवावें, हा प्रश्न विचारी गृहस्थास पडतो.

वकील याचें उत्तर चटकन् देतात, आणि तें चूकहि नाहीं. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणें मृत्युपत्रास करणाराची सही व किमान दोन साक्षीदार लागतात. नोंदणीची सक्ती नाहीं, पण ती केलेली बरी. वृद्धानें अथवा रुग्णानें वैद्याचा दाखला जोडावा. ज्यास मोठा वांटा मिळावयाचा त्यानें लेख तयार करण्यांत पुढाकार घेऊं नये; कारण असा संशय उत्पन्न झाल्यास त्याचें निरसन करण्याचा भार मृत्युपत्र पुढें आणणारावर असतो, असें सर्वोच्च न्यायालयानें १९५८ सालच्या एका प्रसिद्ध निकालांत सांगितलें आहे.

परंतु या सर्व तटबंदीनें सिद्ध काय होतें? एवढेंच कीं, कागद खरा आहे. तो न्याय्य आहे, हें दोन साक्षीदार काय, दोनशें साक्षीदारहि सिद्ध करूं शकत नाहींत. आणि घरें फुटतात तीं बहुधा या दुसऱ्या प्रश्नावर. मिताक्षरेनें पुत्रास वडिलोपार्जित धनावर जन्मतःच स्वत्व दिलें व पित्याचा हात आंखडला. पुढें १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें एकत्र कुटुंबांतील आपल्या हिश्श्याचीहि मृत्युपत्रानें व्यवस्था करण्याची मोकळीक दिली. उलट गोव्यांत संतति असलेल्या गृहस्थास साधारणतः निम्म्याच मिळकतीचें मृत्युपत्र करतां येतें. मृताच्या स्वातंत्र्याचा मान राखावा कीं जिवंतांच्या हक्काचा, याविषयीं खुद्द कायद्याचेंहि एकमत नाहीं.

या संबंधांत आल्फ्रेड नोबेल यांच्या मृत्युपत्राची हकीकत मनन करण्याजोगी आहे. २७ नोव्हेंबर १८९५ रोजीं त्यांनीं पॅरिस येथें, वकिलाचें साहाय्य न घेतां, चार साक्षीदारांसमोर त्यावर सही केली. पुतण्यांस कांहीं लाख क्रोनर ठेवून बहुतेक संपत्ति त्यांनीं पारितोषिकांस दिली. ज्या संस्थांनीं तीं द्यावयाचीं त्यांस त्यांनीं आधीं विचारलें नव्हतें, आणि आप्तांसहि विश्वासांत घेतलें नव्हतें. १० डिसेंबर १८९६ रोजीं ते निवर्तले आणि वाद सुरू झाले. कांहीं नातेवाईकांनीं मृत्युपत्रास हरकत घेतली. नोबेल यांचें कायदेशीर वास्तव्य स्वीडनचें कीं फ्रान्सचें, यावरहि खल झाला.

हें मृत्युपत्र तगलें तें मुख्यतः एका पुतण्यामुळें. इमॅन्युएल नोबेल हे रशियांतील घराण्याचा व्यवसाय पाहत. मृत्युपत्र मोडलें असतें तर त्यांचाहि लाभच होता, आणि विरोध करावा असा आग्रह खुद्द स्वीडनच्या राजानें त्यांस केला होता. त्यांनीं चुलत्याच्या इच्छेस मान दिला. व्यवस्थेचें काम पाहणाऱ्या राग्नार सोलमान यांस त्यांनीं स्मरण दिलें कीं, रशियन भाषेंत या कामगिरीवरील मनुष्यास ‘आत्म्याचा प्रतिनिधि’ अशा अर्थाचा शब्द आहे. १८९८ सालीं इतर आप्तांशींहि तडजोड झाली, आणि १९०१ पासून पारितोषिकें सुरू झालीं.

यावरून दोन कर्तव्यें निष्पन्न होतात. पहिलें करणाराचें. आपला निर्णय त्यानें हयातींतच वारसांस सांगावा, व कारणेंहि सांगावीं. मृत्युपत्र हें शेवटचें पत्र असतें. मुलें त्यांत पैशाचा हिशेब वाचतात, पण त्याच ओळींत ‘आपण किती प्रिय होतों’ हेंहि शोधतात. ज्या मुलीनें आजारपणांत शुश्रूषा केली तिला कमी मिळालें, आणि कां तें कोणीच सांगितलें नाहीं, तर तिची जखम मोहरबंद लखोट्यानें भरून येत नाहीं. जें समोर बसून बोलण्याचें धैर्य नाहीं तें मृत्यूच्या आडून बोलणें, यास आम्ही सावधगिरी म्हणत नाहीं.

दुसरें कर्तव्य वारसाचें. सही बनावट असेल, वृद्धावर दडपण आलें असेल, तर दावा लावणें हें मृताचीच बाजू घेणें होय. तेथें मौन हाच अपराध. परंतु कागद खरा आहे हें अंतःकरणांत ठाऊक असून केवळ वांटा कमी पडला म्हणून ‘त्यांचें डोकें ठिकाणावर नव्हतें’ असें शपथेवर सांगणें, म्हणजे बापाच्या धनासाठीं बापाचीच अब्रू घालविणें होय. दोन्ही दाव्यांचा मसुदा एकच असूं शकतो; भेद फक्त दावा लावणाराच्या मनास ठाऊक असतो.

तेव्हां साक्षीदार अवश्य निवडावे, नोंदणीहि करावी. त्यांनीं कागद सुरक्षित राहील. इच्छा सुरक्षित राहते ती, ती जिवंतपणीं ऐकलेल्या माणसांच्या मनांत.