स्पेलिंगची यादी कोणाची?

मराठीत ‘शुद्धलेखन’ म्हटले की अक्षरांच्या प्रश्नाला सोवळ्याओवळ्याचा वास येतो. इंग्रजी स्पेलिंग तपासणाऱ्या संगणकाकडेही आपण त्याच दृष्टीने पाहतो. वस्तुतः यंत्राला शुद्धाशुद्ध कळत नाही. त्याच्या यादीत जो शब्द नाही, तो ते पुढे करते.

बेल प्रयोगशाळेतील युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ‘स्पेल’ ही टंकून द्यावयाची आज्ञा होती. ‘बी’ हा पर्याय जोडला तरच ती ब्रिटिश स्पेलिंग तपासी. ‘स्टँडर्डाइज’सारख्या शब्दांत ती ‘एस’चाच आग्रह धरी, फाउलर आणि ऑक्सफर्डचा कोश यांचे मत विरुद्ध आहे, हे तिची माहितीपुस्तिकाच सांगे. ब्रिटिश स्पेलिंगचे काम एका अमेरिकनाने केले आहे, ही नोंद तर पुस्तिकेच्या ‘दोष’ या सदरातच आहे. (आपल्या किती कोशांत असे सदर असते?)

अंध लेखकाच्या संदर्भात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. शब्दाखालची तांबडी नागमोडी रेघ त्याला दिसत नाही; उलट ‘अ‍ॅस्पेल’ ही आज्ञा संशयित शब्द एकेका ओळीवर देते आणि स्क्रीनरीडर ते उच्चारतो. परंतु ‘कलर’मध्ये ‘यू’ आहे की नाही, हे कानाला कळत नाही. त्यासाठी अक्षरे सुटी करून ऐकावी लागतात, अथवा ब्रेल पट्टीवर बोटांनी वाचावी लागतात. जिथे पडताळा असा कष्टाचा, तिथे यादीचाच शब्द अखेरचा ठरतो. ब्रिटिश धाटणीने लिहिणाऱ्याला न विचारता अमेरिकन यादी लावली, तर हरकत यादीची आहे हे न कळता तो चूक स्वतःकडे घेतो. अ‍ॅस्पेलसाठी ‘एस’च्या आणि ‘झेड’च्या अशा वेगळ्या ब्रिटिश याद्या उपलब्ध आहेत, मात्र त्या नाव घेऊन मागाव्या लागतात, आणि त्यांची नावे आधी ठाऊक असावी लागतात.